तर्कक्षमता (विधी प्रवेश परीक्षेतील)

महाराष्ट्रात कायद्याच्या पदवीला प्रवेश देण्यासाठी राज्य सीईटी कक्ष २०१६ पासून सामाईक परीक्षा घेतो. तर्कक्षमता हा तिचा एक विभाग. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या १२० गुणांच्या परीक्षेत त्याला ३२ गुण आहेत. म्हणजे सामान्यज्ञानापेक्षाही जास्त.

मालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिशा आणि बैठक व्यवस्था हे प्रकार सरावाने लवकर सुटतात. खरा कस लागतो विधान-निष्कर्षात. उदाहरणार्थ : 'सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर अँटॉप हिलला राहतात.' यावरून 'काही वकील अँटॉप हिलला राहतात' असे म्हणता येईल का? नाही. तिथले ते पदवीधर सगळे डॉक्टरही असू शकतील. वर्तुळे काढून पाहिली की ही फट लगेच दिसते. ओळखीच्या ठिकाणाचे नाव आले की मन माहितीवर विसंबते. उत्तर मात्र दिलेल्या विधानांतूनच काढायचे असते. पुढे न्यायालयात पुराव्यापलीकडे न जाण्याची हीच शिस्त लागते, म्हणून हा विभाग केवळ गुणांसाठी उरकू नये.

आता महाविद्यालयांकडे : मुंबईतील अँटॉप हिलच्या विद्यार्थ्याला माटुंग्याचे न्यू लॉ कॉलेज जवळचे. चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. दोन्हींचा प्रवेश याच परीक्षेतून होतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची 'क्लॅट' वेगळी : २०२० पासून तिथे उताऱ्यावर आधारित प्रश्न येतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. राज्याच्या परीक्षेत गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये.