सरतान ते कर्करोग : एका रोगाचा व त्यावरील उपचारांचा इतिहास

(लेखक : सहशिक्षक, बी.ए., बी.एड., मिरजोळे)

मराठीत आपण ज्याला कर्करोग म्हणतो, त्यालाच आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी उर्दूत सरतान म्हणतात. कर्क म्हणजे खेकडा, आणि अरबीत सरतान म्हणजेही खेकडाच. इंग्रजीतील कॅन्सर हा शब्द लॅटिनमधून आला, त्याचाही अर्थ तोच. या सर्वांचे मूळ ग्रीक भाषेत आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपॉक्रेटिस व त्याच्या शिष्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे पुढे गेलन या वैद्याने त्याचे स्पष्टीकरण केले. खेकड्याची पकड कशी असते, हे कोकणातल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याला घरचेच कारण आहे. माझ्या मोठ्या फुफीला लहानपणापासून मशेरीची सवय होती. एके वर्षी तिच्या गालाच्या आत जखम झाली. तिखट सालन सोडून ती नुसती पेज घेऊ लागली. मी शिकलेला, शिक्षक. परंतु "तोंड आले असेल" असे म्हणून मीही गप्प राहिलो. पुढे कोणी पाला दिला, कोणी चूर्ण दिले. लोक काय म्हणतील या भीतीने तिने शेजारणीलाही सांगितले नाही. यात जवळजवळ वर्ष गेले. शेवटी तिला मुंबईस नेले, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "इतके दिवस कोठे होता?" त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. फुफी त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही, म्हणून मी या रोगाचा इतिहास वाचू लागलो. त्याचा सारांश येथे देत आहे.

हा रोग आजकालचा आहे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय लेखात छातीतील गाठींचे वर्णन आहे आणि त्यावर उपचार नाही असे स्पष्ट नमूद केले आहे. आपल्या देशात सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' या नावाने गाठींचा विचार केलेला आढळतो. गेलनच्या मते शरीरातील काळ्या पित्ताच्या आधिक्याने हा रोग होतो. युनानी हकीम ज्याला 'सौदा' म्हणतात, ते हेच. ही कल्पना चुकीची होती, तथापि तिने शेकडो वर्षे वैद्यकावर राज्य केले.

मध्ययुगात हे ज्ञान जतन करण्याचे व वाढविण्याचे काम अरबी भाषेतील ग्रंथकारांनी केले, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजे. स्पेनमधील कुर्तुबा, म्हणजे कॉर्डोव्हा, येथील शल्यविशारद अबुल कासिम अल्‌-झहरावी (९३६ ते १०१३) यांनी आपल्या 'अल्‌-तसरीफ' या ग्रंथात शस्त्रक्रियेची हत्यारे चित्रांसह दिली. लहान व नवीन गाठ कापून काढता येते, पण जुनी व मोठी झालेली गाठ आपल्या हातून कधी बरी झाली नाही आणि दुसऱ्या कोणी बरी केल्याचेही आपण पाहिले नाही, अशा आशयाची प्रांजळ कबुली त्यांनी दिली आहे. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनीही 'अल्‌-कानून' या ग्रंथात गाठ लहान असतानाच व भोवतालच्या भागासह काढावी, असा सल्ला दिला. बाराव्या शतकात या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपच्या विद्यापीठांत तो कित्येक शतके शिकविला गेला. म्हणजे 'वेळेवर या' हा आजच्या डॉक्टरांचा उपदेश हजार वर्षांचा जुना आहे.

मात्र लवकर ओळखूनही पूर्वी रुग्णाचे हाल चुकत नसत, कारण भूल नव्हती. १८४६ साली अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जखम जंतुरहित ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या दोन शोधांमुळे शल्यचिकित्सकाला सावकाश व खोलवर काम करणे शक्य झाले. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि १८९८ मध्ये मेरी व पिअर क्युरी यांनी रेडियम शोधले. लवकरच या किरणांनी गाठी जाळण्याचे प्रयोग सुरू झाले. ज्या किरणांनी रोग हटतो, ते निरोगी शरीरालाही घातक असतात, हे नंतर कळले. स्वतः मेरी क्युरी १९३४ साली रक्ताच्या विकाराने मरण पावल्या.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन पावल्या. धनाची वाण नव्हती, परंतु हा रोग बरा करणारे औषध तेव्हा जगात कोठेच नव्हते. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आले. ज्या रस्त्यावर हे रुग्णालय आहे, त्याला तेथील नामवंत शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे कार्य आपल्याला अधिक जवळचे आहे. त्यांनी १९४४ साली मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५५ साली डॉ. संघवी, डॉ. राव व डॉ. खानोलकर यांनी तंबाखू खाणे व ओढणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला. १९५२ साली स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचेही ते पहिले संचालक. त्याच केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी संशोधनात आयुष्य वेचले. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

तिसरे शस्त्र म्हणजे औषधे. १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिले आणि काही मुलांचा रोग तात्पुरता का होईना मागे हटला. हे औषध ज्या संशोधकांनी तयार केले, त्यांचे प्रमुख आपल्या आंध्रातील डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. ज्या प्रकारच्या रोगात मुले पूर्वी काही महिन्यांतच दगावत, त्यातील बहुसंख्य मुले चांगल्या रुग्णालयात पूर्ण उपचार मिळाल्यास आज बरी होतात. रुग्णाच्याच रक्तातील पेशींवर संस्कार करून त्या परत देण्याची नवी उपचारपद्धती मुंबईच्या आय.आय.टी.ने टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने विकसित केली व २०२३ साली तिला मान्यता मिळाली.

तथापि सर्वच प्रगती महागड्या औषधांची नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा टाटा रुग्णालयाने १९९८ पासून अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तोंडाची साध्या व्हिनेगरच्या पाण्याने दर दोन वर्षांनी तपासणी करण्यात आली. हे काम करणाऱ्या बाया दहावी शिकलेल्या होत्या, डॉक्टर नव्हत्या. या तपासणीमुळे त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ साली जाहीर झाले. खेड्यांकरिता बार्शी येथे १९८७ पासून कर्करोगाची नोंदणी होते. तेथील रुग्णालयास अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव आहे. नर्गिस स्वतः १९८१ साली याच रोगाने गेल्या. आपल्या जिल्ह्यातही डेरवण येथील वालावलकर रुग्णालयात या रोगावर उपचार होतात. प्रत्येक वेळी रात्रीच्या गाडीने परळ गाठावे लागते, असे आता राहिले नाही.

पालक बंधु-भगिनींनो, या इतिहासातून मला तीन गोष्टी समजल्या. पहिली, हा रोग एकत्र जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही. म्हणून रुग्णाचे ताट वेगळे काढू नये आणि रोगाचे नाव लपवू नये. दुसरी, तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडेनासे झाले, अथवा छातीत गाठ लागली, तर पाला-चूर्णात दिवस न घालविता डॉक्टरांस दाखवावे. प्रत्येक जखम कर्करोगाची नसते, पण ते ठरविणे आपले काम नव्हे. तिसरी, आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचे मुख्य कारण आपल्या हातातले आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पुड्या मुलांच्या खिशात सापडतात. आणि मशेरीची डबी तर आपल्या घरच्या फळीवरच असते. तिच्याकडे आपण व्यसन म्हणून पाहतच नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरी आजी, फुफी किंवा खाला जेवताना त्रास होतो म्हणाली, तर तिला तोंड उघडायला सांगा व बॅटरी लावून पाहा. काही दिसले तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. मी ते केले नाही. डॉक्टरांनी मला विचारलेला प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याही घरी पुन्हा विचारला जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.