वर्गात आलेला वसंत

'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' ही म्हण आपल्याकडे शाळेतल्या पोरासोरांनाही पाठ असते. पण फाल्गुनात पळसाला ती तीन पानेही नसतात. पाने गळून गेलेली असतात आणि अख्खे झाड केशरी फुलांनी पेटलेले असते. औंढा, कळमनुरी, सेनगावच्या माळरानांवर दरसाल हे दृश्य दिसते. नेमक्या त्याच दिवसांत शाळेत उजळणीची आणि परीक्षेची धांदल असते. बाहेर निसर्गाचे पुस्तक उघडते, तेव्हा मुले मान खाली घालून दुसरेच पुस्तक वाचत असतात. शाळा आणि वसंत यांची ही चुकामूक आजची नाही. तिला इतिहास आहे, आणि ती मिटवण्यासाठी झालेल्या प्रयत्नांनाही आहे.

दख्खनला वसंताचे वावडे कधीच नव्हते. हैदराबाद शहर वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा स्वतः कवी होता आणि त्याने दखनी भाषेत वसंतोत्सवावर कविता लिहिल्या. फारसीतला 'बहार' मराठीत येऊन 'बहर' झाला आणि आपल्या आंब्याला लागला. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून देण्याचा हा मोठाच प्रयोग होता. पण ती भाषा उर्दू होती, आणि राज्यातल्या बहुसंख्य मुलांच्या घरी मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलली जात होती. दोष उर्दूचा नव्हता. ती गोडच भाषा आहे. मुलाला त्याची बोली उंबऱ्याबाहेर ठेवायला लावणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता. म्हणून १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे अंबाजोगाईची शाळा नावारूपाला आली आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक तिथे घडले. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य मुक्त झाले. मुलाची बोली वर्गात आली. पण बोली ज्या मातीतून येते ती माती, ते झाड, तो ऋतू वर्गात आला का?

हा प्रश्न इतरत्र काहींना आधीच पडला होता. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली शाळा भरवली. तिथल्या ऋतूत्सवाची सुरुवात कुणा पंडिताने केली नाही. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने १९०७ साली सोबत्यांना जमवून ऋतूंचा खेळ मांडला. त्याच वर्षाच्या अखेरीस पटकीने तो गेला. दहा-अकरा वर्षांचे वय. मुलगा गेला, पण त्याने मांडलेला खेळ त्या शाळेची परंपरा होऊन बसला.

महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडकांनी केले. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचे धडे गिरवले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीला केंद्र सुरू झाले, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. वारली मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी त्या कुरणात गेल्या. ती कुरणशाळा. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. १९७५ मध्ये देशभर बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. पण शब्द जितका पोचला, तितके अंगण पोचले असे म्हणवत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला आज काय करता येईल? साधने मागवायला नकोत. पळसाची गळून पडलेली फुले गरम पाण्यात भिजत घातली की पिवळा-केशरी रंग मिळतो. त्याने कागद रंगवावेत, रंगपंचमी खेळावी. वसमत-हिंगोलीकडे याच दिवसांत हळद शिजते, वाळते. थोड्या हळदीचे पाणी करून कागद माखावा, वाळवावा. त्यावर साबणाचे पाणी पडले की कागद लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. आम्ल आणि अल्काचा धडा मुले जन्मात विसरणार नाहीत. शाळेजवळचे एक कडुनिंबाचे झाड निवडून दर सोमवारी त्याची नोंद करावी: पान कधी गळले, तांबूस पालवी कधी आली, मोहर कधी दिसला. आणि फळ्यावर एकाच झाडाची नावे लिहावीत. मराठीत पळस, उर्दूत टेसू, तेलुगूत मोदुग, बंजारा बोलीत केसुला. तांड्यावरच्या मुलाला होळीची लेंगी म्हणायला सांगावी. वर्गात किती भाषा बसल्या आहेत, हे मुलांना त्या दिवशी कळेल.

यात केवळ गंमत नाही. दिवाळीनंतर आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात तीही याच सुमारास. त्यांच्याबरोबर गेलेली मुले वर्गात येतात तेव्हा अर्धे पुस्तक पुढे सरकलेले असते. पाढ्यात ती मागे पडलेली असतात, पण पक्षी, झाड, वारा, पाणी यांत ती कुणाला हार जाणारी नसतात. वसंताचा एक तास त्यांच्या हाती दिला, तर मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा वर्गाला काही शिकवू शकेल. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, असे सांगितले आहे. आपल्या माळावर ते जोडायला पळस उभा आहे. त्याची फुले चैत्र सरेपर्यंत गळून जातात. तेवढ्यात वर्गाचे दार उघडायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)