शरीरप्रतिमा : वजन कमी करताना आरशाचे ऐकावे की टेपचे?

लग्नाच्या मांडवात वर्षभराने भेटलेली मावशी पहिलेच वाक्य टाकते, "काय गं, लई सुटलीस की!" परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, हे वाक्य कधीच न ऐकलेली बाई विरळाच. बोलणारीच्या मनात बहुधा वाईट नसते. पण ऐकणारी त्या रात्री जेवत नाही आणि पुढच्या फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

शरीरप्रतिमा म्हणजे काय?

आपण कसे दिसतो याचे मनात तयार झालेले चित्र आणि त्याविषयीच्या भावना म्हणजे शरीरप्रतिमा. हे चित्र खऱ्या शरीराशी जुळेलच असे नाही. वजन योग्य असूनही स्वतःला जाड समजणाऱ्या मुली असतात. वजन उतरले तरी मनातले जुने चित्र न बदललेल्या बायकाही असतात. मोबाइलवरचे फिल्टर आणि 'आधी-नंतर'चे फोटो ही तुलना आणखी वाढवतात.

वजन जास्त आहे हे कसे ओळखावे?

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हा योग्य, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. म्हणजे १५२ सेंटीमीटर उंचीच्या बाईचे योग्य वजन साधारण ४३ ते ५३ किलो.

त्याहून सोपी खूण कंबरेच्या घेराची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. बायकांमध्ये घेर ८० सेंटीमीटरच्या वर गेला तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यातही हा घेर विचारलेला असतो. दिसण्याबद्दल त्यात एकही प्रश्न नाही.

टोमण्यांनी वजन का उतरत नाही?

वजनावरून हिणवल्या जाणाऱ्यांचे वजन पुढे वाढण्याचीच शक्यता अधिक असते, असे अभ्यासांत दिसले आहे. कारण समजण्यासारखे आहे. दिवसभर उपाशी राहिलेली बाई रात्री भुकेने जास्त खाते. लोक बघतील म्हणून मैदानावर चालायला जात नाही. दवाखान्यातही वजनावरून बोलणी बसतील, या भीतीने तपासणी लांबवते.

उपासमारीचा आणखी एक धोका आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २३ टक्के महिलांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता, पण रक्तक्षय तब्बल ५४ टक्के महिलांना होता. अंगावर मांस आहे म्हणजे रक्तही भरपूर आहे, असे नसते.

मग काय करावे?

- ध्येय लहान ठेवा. ७० किलो वजनातून साडेतीन किलो, म्हणजे ५ टक्के, उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात.
- ज्वारीची भाकरी बंद करू नका, प्रमाण ठरवा. सोबत डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा. तेल आणि चहातली साखर कमी करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे २०१८ मध्ये आलेले 'परभणी शक्ती' हे वाण तर जास्त लोह आणि जस्तासाठीच विकसित केलेले आहे.
- रोज वजन करू नका; आठवड्यातून एकदा पुरे. दम न लागता जिना चढता येणे, शांत झोप लागणे, हीसुद्धा प्रगतीच.
- वजन अचानक वाढले, पाळी अनियमित झाली किंवा सतत थकवा असेल तर थायरॉइड आणि पीसीओएसची तपासणी करून घ्या.
- मन खट्टू करणारी खाती अनफॉलो करा.

मदत केव्हा घ्यावी?

वारंवार जेवण टाळणे, जेवल्यावर मुद्दाम उलटी करणे, वजनासाठी जुलाबाच्या गोळ्या घेणे, लाजेने घराबाहेर न पडणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. डॉक्टरांना भेटा. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.

आणि मांडवात वर्षभराने कुणी भेटलीच, तर "सुटलीस की" ऐवजी "बरी आहेस ना?" एवढेच विचारा.