उदयंपेरूरचे दप्तर

पोर्तुगालमधील कोइम्ब्रा शहरात १६०६ साली एक ग्रंथ छापून निघाला. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या मलबार दौऱ्याची ती हकिगत. लेखक आंतोनियो द गूव्हेया हा मेनेझिसांच्याच ऑगस्टिनियन संघातला संन्यासी. कोचीजवळच्या उदयंपेरूर येथे २० ते २६ जून १५९९ या सात दिवसांत भरलेल्या धर्मपरिषदेचे ठरावही त्याच वर्षी छापले गेले. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाला पाखंडातून सोडवून शुद्ध मताकडे आणले, याची साक्ष म्हणून ते प्रसिद्ध झाले. आज ते वाचायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. ज्यांना दोषी ठरवले त्यांची श्रद्धा, त्यांचे ग्रंथ आणि त्यांचे रोजचे जगणे यांची सर्वांत तपशीलवार नोंद याच आरोपपत्रात आहे.

आरोप मूळचा मलबारचा नव्हता. इ. स. ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेने कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस याला पाखंडी ठरवले. मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यापेक्षा ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे, हा त्याचा आग्रह. इराण-इराकातले पूर्वेकडील चर्च ही शिक्षा न मानता वेगळ्या वाटेने गेले, आणि मलबारला बिशप तिथूनच येत. इथली उपासनेची भाषाही म्हणून सुरियानी. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना असे ख्रिस्ती भेटले, जे स्वतःला प्रेषित थॉमसचे वारसदार मानत, पण ज्यांच्या प्रार्थनांत नेस्टोरियसचे नाव आदराने घेतले जाई.

पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधीचा एक कागद या नात्याला थेट दुजोरा देतो. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या एका सुरियानी हस्तलिखितात संत पौलाच्या पत्रांतली उपासनेची वाचने आहेत. शेवटच्या नोंदीप्रमाणे हे काम १३०१ साली शेंगला म्हणजे कोडुंगल्लूर इथे पूर्ण झाले. लिहिणारा झकारिया हा चौदा वर्षांचा डीकन. त्याने त्या वेळचा पूर्वेचा कॅथोलिकोस, म्हणजे पूर्वेकडील चर्चचा प्रमुख, तिसरा याहबल्लाहा याचे नाव मोठ्या आदराने लिहिले आहे, आणि भारताचा धर्माध्यक्ष मार याकोब याचेही. तो वादासाठी लिहीत नव्हता, कोणाला उत्तर देत नव्हता. आपण कोणाच्या अधिकाराखाली प्रार्थना करतो, एवढे त्याने नोंदवले. म्हणूनच ही साक्ष भरवशाची.

आता १५९९ चे ठराव पाहा. तिसऱ्या सत्रातला एक ठराव बाबेलच्या कॅथोलिकोसचे नाव प्रार्थनेत घ्यायला मनाई करतो आणि त्याला पाखंडी ठरवतो. त्या मुलाने ज्याच्या अधिकारपदाचे नाव श्रद्धेने लिहिले, त्याच पदाचे नाव तीन शतकांनी उच्चारणे शिक्षेस पात्र झाले. दुसरा ठराव ‘थॉमसचा धर्म’ आणि ‘पेत्राचा धर्म’ वेगळे आहेत, हे मत खोडून काढतो. हे दोन ठराव एकत्र वाचले की परिषदेचा गाभा कळतो. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा मतभेद खरा होता, पण त्याच्याशी आज्ञा कोणाची मानायची हा प्रश्न घट्ट बांधलेला होता. परिषदेआधीचे मलबारचे बिशप मार अब्राहम यांचे उदाहरण हेच सांगते. रोमने त्यांना मान्यता दिली होती, तरी गोव्यात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. १५८५ च्या गोव्याच्या प्रांतिक परिषदेत ते हजर होते, आणि सुरियानी ग्रंथांच्या दुरुस्तीचा विषय तिथेही निघाला होता. जानेवारी १५९७ मध्ये ते वारले. आर्चडीकन गीवर्गीस यांच्या हाती समाजाची सूत्रे उरली आणि मेनेझिसांना वाट मोकळी झाली.

परिषदेला दीडशेच्या आसपास कत्तनार म्हणजे स्थानिक पुरोहित आणि सहाशेहून अधिक गृहस्थ प्रतिनिधी होते. त्याआधीच्या महिन्यांत मेनेझिसांनी बऱ्याच नव्या कत्तनारांना दीक्षा दिली होती. ठरावांचे मसुदे पोर्तुगीजमध्ये झाले, सभेत ते मल्याळममध्ये मांडले गेले, आणि पळ्ळुरुत्तीचा कत्तनार याकोब याला दुभाष्या नेमले गेले. मल्याळम प्रत आणि छापील पोर्तुगीज प्रत यांत फरक आहेत. म्हणून छापील ठरावातले प्रत्येक वाक्य सभेने समजून-उमजून मान्य केले, असे धरून चालता येत नाही.

तरीही या दप्तराचे मोल कमी होत नाही, कारण त्यातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे निषिद्ध ग्रंथांची यादी. येशूच्या बाळपणाच्या कथा, स्वर्गातून आल्याचे मानलेले रविवारचे पत्र, पितरांचे आणि परिषदांचे ग्रंथ, रब्बान होर्मिझ्दचे चरित्र, शकुन पाहण्याचे पुस्तक, इराणी वैद्यकाचे पुस्तक: प्रत्येकात काय चूक आहे, तेही यादी सांगते. काही ग्रंथ दुरुस्त करायचे, बाकीचे जाळायचे. ज्यांच्याकडे सुरियानी पुस्तके असतील त्यांनी ती दोन महिन्यांच्या आत आर्चबिशपांकडे किंवा फ्रान्सिस्को रोझ या सुरियानी जाणणाऱ्या जेझुइटाकडे द्यावीत, नाहीतर बहिष्कार. ज्या ग्रंथसंग्रहाचा नाश व्हावा म्हणून ही यादी केली, त्या संग्रहाची तीच आज आपल्याकडची सूची आहे.

अशी यादी कितपत खरी मानावी? जिथे बाहेरचा पुरावा सापडतो तिथे ती टिकते. यादीतला ‘श्रद्धेचा मोती’ हा निसिबिसचा धर्माध्यक्ष अब्दिशो याचा तेराव्या शतकाच्या अखेरचा ग्रंथ पश्चिम आशियातल्या प्रतींत टिकून आहे, आणि मरियेला ‘ख्रिस्तमाता’ म्हणण्याची बाजू त्यात खरोखरच मांडलेली आहे. इथे आरोपकर्त्याने ग्रंथ वाचून लिहिले, हे मान्य करायला हवे. जिथे असा दुजोरा नाही तिथे जपून बोलायचे. तिसऱ्याच सत्रात शेजारच्या हिंदूंकडून घेतलेल्या तीन चुका नोंदल्या आहेत: पुनर्जन्म, अटळ दैव, आणि प्रत्येकजण आपापल्या धर्मात राहून तरू शकतो हा विश्वास. तिसरी चूक वाचताना मन थबकते. पण इथे त्या माणसांचा आवाज थेट येत नाही. तो मसुदा लिहिणाऱ्याच्या कानांतून आणि त्याच्या भीतीतून गाळून येतो. या समाजात असे बोलणारे लोक भेटतात, असे मसुदाकारांना वाटत होते, एवढेच त्यावरून म्हणता येते. तेवढेही मोठे आहे.

परिषदेने मिळवलेली एकजूट टिकली नाही. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला जमलेल्या या समाजाने जेझुइट धर्माध्यक्षाची आज्ञा न मानण्याची शपथ घेतली आणि पुढे समाज दुभंगला. १६९४ मध्ये मायकेल गेडिस या अँग्लिकन धर्मोपदेशकाने हेच ठराव इंग्रजीत आणले, ते रोमच्या विरोधात: पोपच्या सत्तेवाचूनही एक प्राचीन ख्रिस्ती समाज नांदत होता, हे दाखवण्यासाठी. एका बाजूने विजयाची नोंद म्हणून छापलेला कागद शंभर वर्षांच्या आत दुसऱ्या बाजूचा पुरावा बनला.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख चौथे मार दिन्खा यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ‘देवमाता’ आणि ‘ख्रिस्तमाता’ ही दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची रास्त रूपे आहेत, असे तिने मान्य केले. ही मान्यता घेऊन उदयंपेरूरचे ठराव पुन्हा वाचले, तर मलबारच्या त्या लोकांना पाखंडी म्हणणे इतिहासकाराला यापुढे शोभत नाही. ती त्यांच्यावर ठेवलेल्या आरोपाची भाषा होती. आपल्या पूर्वजांनी ज्या शब्दांत प्रार्थना केली त्याच शब्दांत ते प्रार्थना करत होते, आणि त्यासाठी त्यांना आपली पुस्तके आगीत द्यावी लागली. त्यांच्याविषयी लिहिताना न्यायनिवाड्याची भाषा बाजूला ठेवून, त्या निषिद्ध यादीतला त्यांचा एकेक ग्रंथ शोधून वाचणे हे आपले काम आहे.