एकवीस दिवसांची वारी

पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात लहान मुलाच्या घशापासून करावी लागते.

संधिवाताचा ताप हा मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा रोग. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंनी घसा दुखू लागतो आणि थांबतोही. पण त्या जंतूंवर शरीराने उपसलेले हत्यार दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर व हृदयावर चालते. सांधे सुजतात, ते बरे होतात. हृदयाच्या झडपांचा दाह मात्र कायमचा व्रण ठेवून जाऊ शकतो. दाटीच्या वस्तीत हे जंतू लवकर पसरतात, म्हणून हा रोग गरिबाला अधिक गाठतो.

दाह शमवून हृदय वाचेल, अशी एके काळी मोठी आशा होती. १९५५ साली ब्रिटन व अमेरिकेतील डॉक्टरांनी कॉर्टिसोन आणि ॲस्पिरिन यांची तुलना प्रसिद्ध केली. वर्षअखेर नव्या औषधाने जुन्यापेक्षा हृदय अधिक राखले, असे दिसले नाही. आग विझते, पण जळालेले वासे परत येत नाहीत.

तेव्हा आग लागूच न देणे हा खरा मार्ग. फ्लेमिंगने १९२८ साली पेनिसिलीन शोधले. १९५० साली अमेरिकेतील वायोमिंगच्या लष्करी तळावरचा अनुभव प्रसिद्ध झाला : घसादुखीलाच पेनिसिलीन दिले तर पुढचा ताप टळतो. मग शरीरात सावकाश विरघळणारे बेंझाथीन पेनिसिलीन आले. एकदा ताप येऊन गेलेल्यास त्याचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे द्यावयाचे.

याच काळात, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशी मालासाठी हात पसरणाऱ्या देशाच्या कामगारांनी ते आपल्या हातांनी बनवले.

पण औषध बनणे वेगळे आणि दंडापर्यंत पोचणे वेगळे. दर २१ दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला सतरा इंजेक्शने. मुळशी धरणापलीकडच्या वाडीतून पोराला घेऊन पौडला यायचे, तर आईबापांपैकी एकाचे सतरा रोज बुडाले. पोर हसतखेळत असते. मग एक खेप चुकते, दुसरी चुकते, आणि ताप पुन्हा झडपांवर घाला घालतो.

मजूर चळवळीत आम्ही खाड्यांचा हिशेब ठेवत आलो. हाही तसाच हिशेब आहे. इंजेक्शन वाडीजवळ मिळावे, त्या दिवसाचा रोज कापला जाऊ नये, आणि चुकलेल्या मुलाची चौकशी कोणीतरी घरी जाऊन करावी. विज्ञानाने आपले काम केव्हाच केले. उरलेले काम संघटनेचे, म्हणजे तुमचे-आमचे आहे.