मुक्या जी-एचचं घराणं

रफ वही, टफ पेपर, कफ सिरप. हे शब्द शाळकरी पोरालाही समजावून सांगावे लागत नाहीत. पंचाईत होते ती स्पेलिंग विचारल्यावर. रफ, टफ आणि कफ, तिघांच्याही शेवटी ओ-यू-जी-एच, आणि उच्चार फ-चा. (सिरपवरचा कफ म्हणजे खोकला. वैद्यांच्या कफाशी त्याची सोयरीक नाही, उच्चार तेवढा जुळला.) हीच चार अक्षरं 'थ्रू'मध्ये, म्हणजे 'मधून', ऊ होतात. 'दो'मध्ये, म्हणजे 'जरी', ओ होतात. 'बाउ' म्हणजे झाडाची फांदी, तिथे आउ. 'थॉट' म्हणजे विचार, तिथे नुसता ऑ.

इंग्रजीचा वेडेपणा म्हणून आपण हे हसण्यावारी नेतो. पण त्यातला जी-एच जन्मतः मुका नव्हता. प्राचीन इंग्रजीत तो घसा खरवडून बोलायचा, उर्दूतल्या 'ख़बर'च्या ख़सारखा. रात्रीला तेव्हा 'निख़्त' म्हणत आणि लिहिताना त्या जागी एकटा एच पुरे. जर्मन माणूस रात्रीला अजूनही 'नाख़्ट' म्हणतो, उजेडाला 'लिख़्ट'. स्कॉटलंडच्या बोलीतही तो ख़ जिवंत आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे लेखनिक फ्रेंच वळणाचे आले आणि हळूहळू एचच्या जागी जी-एच लिहायची रीत पडली. मधल्या काळात आपल्या तीनच्या आकड्यासारखं दिसणारं 'योघ' नावाचं अक्षरही त्याच कामावर होतं. ते पुढे वापरातून गेलं.

या घराण्याच्या जुन्या फांद्या संस्कृतात सापडतात. 'नाइट'चं भावंड नक्त, उपासातलं नक्त ते हेच. 'एट' आणि अष्ट, 'डॉटर' आणि दुहिता, 'राइट' आणि ऋजु. फांदीचा अर्थ असलेला 'बाउ' आणि आपला बाहू. 'लाइट' मात्र दोन आहेत आणि त्यांची मुळं वेगळी: हलका या अर्थाचा लघुच्या कुळातला, उजेडाचा रुच् धातूच्या, म्हणजे रोचना-रुचीच्या. इंग्रजीत जिथे हा मुका जी-एच बसलाय, तिथे संस्कृतात एखादं ठणठणीत व्यंजन उभं आहे: क, ष, ह, ज, घ, च. जी-एचची जोडी निरर्थक नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

ध्वनी आपणही गमावले. अष्टचा प्राकृतात अट्ठ झाला, मराठीत आठ. हस्तचा हत्थ आणि मग हात. पण आपण ध्वनीबरोबर अक्षरही सोडलं. इंग्रजीला ते जमलं नाही, कारण मध्ये छापखाना आला. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू केली. दक्षिण इंग्लंडच्या तोंडून तो ख़ गळत चालला होता तो याच सुमाराला, पंधराव्या-सोळाव्या शतकात. बोलणं बदलत गेलं, खिळे मात्र जुन्याच वळणानं जुळत राहिले. घरातलं माणूस गेलं तरी रेशनकार्डावर नाव राहावं, तसं झालं.

मग काही ठिकाणी फ कुठून आला? उ-ओसारख्या स्वरानंतर ओठ आधीच गोल झालेले असतात. घशातला तो वारा ओठांवर सरकला की त्याचा फ होतो. सगळ्या बोलींत हे सारखं घडलं नाही, आणि प्रमाण इंग्रजीनं काही शब्द इकडून उचलले, काही तिकडून. मळलेल्या कणकेला 'डो' म्हणतात. तोच शब्द उत्तरेकडच्या बोलीत 'डफ' झाला आणि 'प्लम डफ' या पुडिंगच्या नावात टिकला.

घराण्यात घुसखोरही आहेत. 'डिलाइट', म्हणजे आनंद, मूळचा फ्रेंच, त्याच्याकडे जी-एच नव्हताच. सोळाव्या शतकात 'लाइट'कडे बघून त्याला तो चिकटवला. 'हॉटी', म्हणजे गर्विष्ठ, त्याचीही तीच गत. 'घोस्ट', म्हणजे भूत, पूर्वी साध्या जी-नं लिहीत. कॅक्स्टननं बरीच वर्षं ब्रूजला काढलेली, तिथल्या फ्लेमिश वळणानं त्यात एच शिरला. त्या वळणानं बोकड आणि हंस यांच्या इंग्रजी नावांतही तो डोकावला होता. ते सुटले, भूत अडकलं. घी आणि घाट यांचा जी-एच मात्र आपल्या घ-साठी नंतर योजलेला, त्याचं गोत्रच निराळं.

या गोंधळावरचा प्रसिद्ध विनोद म्हणजे 'फिश' हा शब्द जी-एच-ओ-टी-आय असा लिहिणं: 'इनफ'चा फ, 'विमेन'चा इ, 'नेशन'चा श. तो बर्नार्ड शॉच्या नावावर खपतो. प्रत्यक्षात १८५५ च्या एका पत्रात तो आहे आणि शॉ जन्मला १८५६ मध्ये. शिवाय विनोद लबाड आहे. शब्दाच्या आरंभी जी-एचचा उच्चार इंग्रजीत फ होत नाही.

हा जी-एच काढून टाकायचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशात नांगराचं, 'प्लाउ'चं, स्पेलिंग डब्ल्यूवर संपतं. शिकागो ट्रिब्यूननं १९३४ पासून 'थ्रू' आणि 'दो' जी-एचविना छापायला घेतले आणि १९७५ साली जुन्या स्पेलिंगवर परतलं. पंडितांच्या बहुतेक मोहिमा अशा बारगळल्या. दुकानदारांनी मात्र कुणाला न विचारता 'ड्राइव्ह-थ्रू'च्या पाट्या रंगवल्या आणि डोनटच्या खोक्यावरून यू-जी-एच उडवला.