कौटुंबिक आपत्ती पूर्वतयारी

कौटुंबिक आपत्ती पूर्वतयारी म्हणजे पूर, भूकंप, वीज कोसळणे, आग यांसारख्या आकस्मिक संकटांत जीवित व वित्तहानी कमी व्हावी, यासाठी कुटुंबाने आधीच केलेली उपाययोजना होय. बचाव पथक पोहोचेपर्यंतचा काळ कुटुंबाला व शेजाऱ्यांना स्वबळावर काढावा लागतो. कोणती तयारी करावी, हे त्या ठिकाणच्या धोक्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे झोपेतील माणसांवर कोसळून हजारोंचा मृत्यू झाला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रुझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षी भारतात आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. त्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

कुही तालुक्यातील जोखीम

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुका वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. तालुक्यातील आंभोरा येथे वैनगंगा, कन्हान यांसह पाच नद्यांचा संगम आहे. या नद्यांच्या वरच्या भागातील धरणांतून मोठा विसर्ग झाल्यास तालुक्यात पाऊस नसतानाही पूर येऊ शकतो. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी व धरणांतील विसर्गामुळे वैनगंगा व कन्हान नद्यांना महापूर आला. त्यामुळे नदीकाठच्या कुटुंबांनी स्थानिक पावसावरून अंदाज न बांधता विसर्गाच्या इशाऱ्याकडे लक्ष देणे महत्त्वाचे ठरते.

तयारीचे घटक

* आराखडा: उंचावरील सुरक्षित जागा, तेथे जाण्याचा मार्ग आणि वृद्ध, आजारी व लहान मुलांना कोण नेणार, हे आधी ठरवणे.
* संच: पिण्याचे पाणी, कोरडे अन्न, नियमित औषधे, विजेरी, प्रथमोपचार साहित्य व रोख रक्कम.
* कागदपत्रे: आधार कार्ड, शिधापत्रिका, सातबारा व बँक पासबुक जलरोधक पिशवीत ठेवणे.
* शेती व पशुधन: बियाणे उंचावर ठेवणे, जनावरे वेळेत हलवणे, ते शक्य नसल्यास त्यांची दावी सोडणे.
* वीज: घरात पाणी शिरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करणे. आकाशात विजा चमकत असताना झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आसरा घेणे. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप विकसित केले आहे.

पूर ओसरल्यावर पाणी उकळून पिणे व घरात शिरलेल्या सापांपासून सावध राहणे आवश्यक असते.

संपर्क

आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा क्रमांक आहे.